बरणी गप्प झाली, टाकून देऊ का?

प्रश्न : सावरडो ब्रेडसाठी (बाजारच्या यीस्टशिवाय, पीठ आंबवून करतात तो) स्टार्टर, म्हणजे आंबवायचं विरजण, लावलंय. चक्कीवरची कणीक आणि पाणी, समसमान. दुसऱ्या दिवशी बरणी ओसंडून वाहिली, वास मात्र घाण. तेव्हापासून हू नाही की चू नाही. शेजारीण म्हणते, उकाड्याने यीस्ट मेलं, बाजारचं चिमूटभर घाल. की टाकूनच देऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टाकू नका, आणि शेजारणीचंही ऐकू नका. मेलंबिलं काही नाही. दुसऱ्या दिवशी बरणी फुगली ती यीस्टमुळे नव्हतीच. धान्याबरोबर पिठात नाना जिवाणू येतात, त्यातला ल्यूकोनोस्टॉक भारी उतावळा. इडलीचं पीठ रात्रीतून वर येतं, तेही मुख्यतः त्याच्याच जिवावर. तो वायू सोडतो, आम्ल तयार करतो आणि आम्ल वाढलं की स्वतःच थंडावतो. घाण वासवाले सोबतीही मग मागे हटतात. पिठातून आपसूक आलेल्या रानटी यीस्टला मात्र हा आंबटपणा सोसतो. ते सावकाश वाढत असतं, म्हणून मधले काही दिवस बरणीत वरून काहीच दिसत नाही. तुमचं तेच चाललंय.

रोज एकदा 50 ग्रॅम स्टार्टर ठेवून बाकीचं काढायचं, ठेवलेल्यात 50 ग्रॅम कणीक आणि 50 ग्रॅम पाणी ढवळायचं. बरणी गप्प आहे म्हणून दिवसातून तीनदा भरवायला जाऊ नका. ताज्या पीठ-पाण्याने आंबटपणा मोडतो, आणि या घडीला तोच हवाय. आणखी आठवडाभर धीर धरा. आधी ताकासारखा, मग पिकल्या फळासारखा वास येईल. बरणीला पिठाच्या पातळीवर रबरबँड लावा. भरवल्यापासून चार-सहा तासांत पीठ दुप्पट होतंय, आणि तेही सलग दोन-तीन दिवस, असं दिसलं की ब्रेडला हात घाला.

बाजारचं यीस्ट घातलंत तर बरणी लगेच फुगेल, पण रानटी यीस्ट जागं झालं की नाही ते कळायचं नाही. टाकून द्यायचं ते गुलाबी-नारिंगी छटा किंवा केसाळ बुरशी दिसली तर. तेव्हा वरचं खरवडून खालचं वाचवायची काटकसर नको. घाण वासाच्या दिवसांत काढलेलं पीठही पोटात घालू नका. स्टार्टर नीट लागलं की मग रोजचं उरलेलं खुशाल थालीपिठात ढकला.

प्रश्न : मुलीने सॅन फ्रान्सिस्कोहून वाळवलेलं स्टार्टर पाठवलंय. यीस्ट हवेतून येतं म्हणतात, मग ते पुण्यात तसंच राहील? बरणी खिडकीत उघडी ठेवू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : उघडी ठेवलीत तर चिलटं येतील. यीस्ट मुख्यतः पिठातूनच येतं, म्हणून तर कोंड्यासकटची कणीक मैद्यापेक्षा लवकर लागते. झाकण सैलसर ठेवा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रेडमधले जीव क्लाइन आणि सुगिहारा या संशोधकांनी 1971 मध्ये वेगळे करून दाखवले. तिथल्या जिवाणूला शहराचंच नाव मिळालं. पुढे तो युरोपातल्या स्टार्टरमध्येही सापडला, म्हणजे मक्ता त्या शहराचा नाही. मला गंमत वाटते ती तिथल्या जिवाणू आणि यीस्टच्या संसाराची. पिठातली माल्टोज साखर जिवाणू खातो. यीस्ट तिला शिवतही नाही, ते दुसऱ्या साखरांवर भागवतं. ताटात भांडण नाही, म्हणून जोडी टिकते. पुण्याच्या कणकेवर वाढवलंत की कणकेतले जीवही स्टार्टरमध्ये शिरतील आणि चव थोडी बदलेल. बदलू द्या.

प्रश्न : सावरडोच्या कृतीत पीठ फुगायला आठ तास लिहिलेत. माझं पीठ चारच तासांत ढासळतं, चिकट होतं.
– एक वाचक, जळगाव

उत्तर : मे महिन्यात ना? ती कृती 24 अंशांच्या स्वयंपाकघरातली असावी. घड्याळ बघू नका, पीठ बघा. गार पाणी घ्या, स्टार्टर निम्मं करा. पीठ दीडपट झालं की आकार देऊन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी, ऊन चढायच्या आत, भाजून घ्या.