'रायटर्स ब्लॉक'ला आजी काय म्हणेल?

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या शेजारी राहणारी एक मुलगी कॉलेजसाठी एकांकिका लिहिते. परवा रात्री वही घेऊन आली. तिच्या नव्या एकांकिकेतला नायक लेखक आहे. त्याचं लिहिणं ठप्प झालंय आणि ते तो पलूसकडच्या आपल्या आजीला सांगतो. तिचा प्रश्न असा होता: "काकू, 'रायटर्स ब्लॉक'ला मराठीत काय म्हणू? मी 'लेखनावरोध' लिहिलं, तर तालमीत आजीचं काम करणारी मुलगीच अडखळली. आणि खरं सांगू का, दुसरा प्रवेश माझाही पुढं सरकत नाहीये."

यात दोन प्रश्न आहेत, पण उत्तर मला एकच दिसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'लेखनावरोध' चुकीचा नाही. 'गतिरोधक' आपण रोज वाचतो, 'मूत्रावरोध' डॉक्टरांच्या कागदावर असतो, त्याच पंगतीतला हा शब्द. निबंधात किंवा मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात तो शोभेल. पण नातू आजीशी असं बोलणार नाही, आणि आजी तर नाहीच. शिवाय हा शब्द इंग्रजीतल्या कल्पनेवर बेतलेला आहे, आणि ती कल्पना आपण समजतो तेवढी जुनी नाही. 'रायटर्स ब्लॉक' हा शब्दप्रयोग १९४७ साली एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने रूढ केला. तो मूळचा ऑस्ट्रियातला, पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झालेला. लेखक त्याच्या आधीही अडतच होते, फक्त त्या अडण्याला आजारासारखं एक नाव नव्हतं. नाव मिळालं आणि ती गोष्ट ताप-खोकल्यासारखी 'यायला' लागली. "मला ब्लॉक आलाय" असं आपली मुलंही आता सहज म्हणतात.

मराठीने इथे नाम घडवलं नाही, क्रियापदांवर काम भागवलं. ही उणीव आहे असं पुष्कळांना वाटतं. मला ती भाषेची श्रीमंती वाटते. खालची वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा.

मी लिहीत नाही. मला लिहिता येत नाही. माझ्याकडून लिहून होत नाही. मला लिहवत नाही. मला सुचत नाही. मला सुचेना.

इंग्रजीत यातली निदान चार वाक्यं 'ब्लॉक' या एकाच पोत्यात जातील. आपल्याकडे प्रत्येकाचा अर्थ वेगळा, आणि उपायही वेगळा. 'लिहिता येत नाही' म्हणजे कौशल्य नाही, ते शिकावं लागेल. 'लिहून होत नाही' म्हणजे वेळ, जागा, घरातली कामं यांचा मेळ बसत नाही. इथे मनाचा काही दोष नाही, दुपारचा एक तास मोकळा करून मिळाला की काम होतं. बायकांच्या बाबतीत तर मी हे फार पाहिलंय. स्वतःला 'ब्लॉक' आहे असं समजून झुरणाऱ्या कितीतरी जणींना फक्त दार लावून बसायला एक खोली हवी असते.

'लिहवत नाही' याच्याजवळ थोडं थांबायला हवं. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात: चालवतं, बघवतं, खाववतं, लिहवतं. "आजोबांना आता चालवत नाही" म्हणताना त्यांना चालायचं कसं हे माहीत आहे, इच्छाही आहे, पण अंगात ते उरलेलं नाही, असा सगळा अर्थ त्या एका 'व'मध्ये येतो. २०१९ च्या ऑगस्टातला महापूर ओसरल्यावर आमच्या वाचनाच्या गटात ठरलं होतं की प्रत्येकीने आपल्या घरचा पूर लिहायचा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी सत्तावन्न फुटांवर गेलेली, गावभागातली घरंच्या घरं पाण्यात. सांगण्यासारखं प्रत्येकीकडे होतं, शब्दही होते. पण वही उघडली की नुसता चिखलाचा वास यायचा. बऱ्याच जणींना लिहवलं नाही. 'सुचलं नाही' म्हणणं तिथे खोटं ठरलं असतं. शेवटी एकीने सांगायचं आणि दुसरीने उतरवून घ्यायचं असं केलं, तेव्हा थोडं कागदावर आलं.

आता 'सुचेना'. हे '-ना'चं रूप मला फार आवडतं. गाडी सुरू होईना, कुलूप निघेना, पोर झोपेना, पाऊस थांबेना. "पाऊस थांबत नाही" ही नुसती बातमी झाली. "पाऊस थांबेना" म्हटलं की खिडकीशी कुणीतरी पिशवी घेऊन खोळंबलेलं दिसतं. या रूपात प्रयत्न गृहीत आहे: करून पाहिलं, पुन्हा पाहिलं, तरी होत नाही. म्हणून नायकाच्या तोंडी 'सुचत नाही'पेक्षा 'सुचेना' घाल. तो प्रामाणिकपणे बसतोय हे त्या एका अक्षरातून कळेल.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे 'सुचणे' याचा कर्ता 'मी' नसतो. मी लिहिते, पण मला सुचतं. भूक लागते, झोप येते, आठवतं, आवडतं, त्याच घराण्यातलं हे क्रियापद. संस्कृतातल्या 'सूच्'पासून आलेलं, म्हणजे 'सूचना'चं सख्खं भावंड. आतून कुणीतरी बोट दाखवावं, असा त्याचा भाव. आणि याचं आज्ञार्थी रूप कुणी वापरत नाही. "लिही" म्हणता येतं, "बस" म्हणता येतं. "सूच" असं कुणी कुणाला, स्वतःलासुद्धा, म्हणू शकत नाही.

मराठीने एकाच कामाचे असे दोन भाग केलेत. लिहिणं माझ्या हातात, सुचणं माझ्या हातात नाही. लेखक अडतो तेव्हा बहुतेक वेळा तो सुचण्याला हुकूम सोडत असतो आणि लिहिणं मात्र बंद ठेवून बसलेला असतो. १९८० च्या दशकात रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लिहिणं अडलेल्या प्राध्यापकांबरोबर काम केलं. लहर येण्याची वाट पाहणाऱ्यांपेक्षा ठरल्या वेळी रोज थोडं लिहिणाऱ्यांची पानं जास्त झालीच, पण नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या, असं त्याला आढळलं. 'लिही' हे आज्ञार्थी रूप आपण पाळलं, तर 'सुचतं' हे आपलं आपण मागून येतं.

पण तुला हवाय तो शब्द याच्या पलीकडचा आहे आणि तो आजीच्या गोठ्यात आहे. गाय पान्हा चोरते.

माझं बालपण कृष्णाकाठच्या खेड्यात गेलं. आमच्याकडे दोन गाई आणि एक म्हैस होती. आई पहाटे धार काढायची. आधी वासराला सोडायचं, त्याने चार ढुशा दिल्या की त्याला ओढून बाजूला बांधायचं, कोमट पाण्याने कास धुवायची, मग गुडघ्यांत चरवी धरून बसायचं. पहिली धार चरवीच्या तळावर वाजायची आणि चरवी भरत गेली की आवाज मऊ व्हायचा. एखाद्या दिवशी मात्र नुसतं थेंब थेंब. कास भरलेली, टच्च, पण दूध उतरायचं नाही. आई म्हणायची, "चोरतीया आज." ती गाईला कधी मारायची नाही. मारलं की दुसऱ्या दिवशीही चोरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

'पान्हा' हा 'प्रस्नव'पासून आलेला शब्द. त्याचा अर्थ दूध असा नाही, दूध उतरणं, पाझरणं असा आहे. म्हणूनच तो 'फुटतो'. आईची समजूत शरीरशास्त्रालाही धरून होती. वासराच्या ढुशीने, ओळखीच्या हाताने गाईच्या रक्तात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक उतरतं आणि कासेतलं दूध सडांकडे ढकललं जातं. ती बिचकली, दुखावली की ॲड्रिनलिन वाढतं आणि तेच काम थांबतं. दूध तयार आहे, वाट बंद आहे.

आटलेली गाय वेगळी, भाकड गाय वेगळी आणि पान्हा चोरणारी वेगळी. आटलेल्या गाईला चारा हवा. लेखकाच्या भाषेत वाचन, फिरणं, माणसं. पान्हा चोरणारीला चारा घालून काय उपयोग? तिच्या कासेत आहेच की. तिला हवा तोच हात, तीच वेळ आणि गोठ्यात शांतता. आपली मंडळी अडलेल्या लेखकाला सरसकट "वाच, वाच" म्हणतात, तेव्हा ती हा फरक विसरतात.

योगायोग असा की ज्या बर्गलरने 'ब्लॉक' हा शब्द दिला, त्याचं निदानही दुधावरच येऊन थांबलं होतं. दूध नाकारणाऱ्या आईविषयीचा बाळपणीचा राग लेखकाच्या मनात दडलेला असतो आणि तो अडवतो, असं तो मांडायचा. आज ते फारसं कुणी मानत नाही, मलाही पटत नाही. त्याने दोष आईवर ठेवला. आपल्या वाक्प्रचारात मात्र दूध अडवणारी गाय स्वतःच आहे, आणि तीही खोडीने नव्हे, भीतीने.

भीती कसली, याचं मला पटलेलं उत्तर माइक रोज या अभ्यासकाने १९८० साली दिलं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांशी तो सविस्तर बोलला. पाच अडणारे, पाच न अडणारे. हुशारीत फरक नव्हता. फरक होता तो डोक्यात घट्ट बसलेल्या नियमांचा. पहिलं वाक्य वाचकाला खिळवणारंच हवं, ही अट घेऊन एक मुलगी पहिल्या परिच्छेदातच तासन्‌तास घालवायची. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण ते सोडून देता येणारे. आपल्याकडे म्हणतात ना, घोडं कुठं पेंड खातं ते बघा. बहुतेकांचं घोडं पहिल्याच वाक्याशी पेंड खात असतं.

तुझ्या दुसऱ्या प्रवेशाचं काय झालं, ते तुझ्या वहीतच दिसलं. पहिली ओळ नऊ वेळा लिहून खोडली आहेस, दुसरी ओळ एकदाही नाही. पहिल्या प्रवेशाखाली तालमीतल्या कुणीतरी लाल शाईने लिहिलंय, "हे संवाद पुस्तकी वाटतात." त्या दिवसापासून तू त्या माणसाला शेजारी बसवून लिहितेयस.

एखादं नाम लागलंच, लेखाच्या मथळ्यासाठी वगैरे, तर 'लेखनकोंडी' घे. 'कोंडी' आपल्या रोजच्या वापरातली आहे. वाहतुकीची कोंडी आहे, आणि गळीत हंगाम सुरू होताना ऊसदराची कोंडी दरवर्षीच पेपरात असते. कोंडी 'होते' आणि कोंडी 'फुटते', ही दोन्ही क्रियापदं तिच्याबरोबर आयतीच येतात. 'अवरोध' कसा जातो, हे मात्र तो शब्द सांगत नाही.

आणखी एक शब्द नायकासाठी नव्हे, तुझ्यासाठी देते: वाफसा. काही ठिकाणी त्याला घात म्हणतात, "रानाला घात आली." पाऊस पडल्या पडल्या आपल्या काळ्या रानात औत घातलं तर ढेकळं निघतात आणि ती वाळून दगड होतात. फार थांबलं तर जमीन आवळते. मधली जी स्थिती, ती वाफसा. शेतकरी मूठभर माती घेऊन तिचा लाडू वळतो आणि खाली टाकतो. फुटला तर औत जुंपायचं, चपटा होऊन चिकटला तर अजून थांबायचं. अशा दिवसांत तो अडलेला नसतो, पण बांधावर रोज जाऊन माती मुठीत धरून बघतो. घरी बसून वाफसा कळत नाही. काही प्रवेशांना थांबावंच लागतं. त्यांना 'ब्लॉक' म्हणून नासवू नये.

तुझा प्रवेश मात्र वाफशावर आलाय असं मला वाटतं, म्हणून एक सुचवते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत मराठी नाटक उभं केलं, तेव्हा त्या नाटकांत संवाद लिहिलेलेच नसत. सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं प्रसंग धरून आपल्या मनाने बोलायची. तूही उद्याच्या तालमीत वही मिटून ठेव. लाल शाईवाल्याला त्या दिवशी बोलावू नकोस. आजी झालेल्या मुलीला आणि नातवाला समोरासमोर बसव, प्रसंग सांग आणि त्यांना बोलू दे. मोबाइलवर टिपून घे आणि घरी येऊन जसंच्या तसं उतरव, सुधारू नकोस.

नातवाचं वाक्य असं ठेव: "आजी, सुचेना गं. बसतोय रोज, पण पान्हा चोरल्यागत झालंय." याच्यावर आजी "म्हणजे काय?" असं विचारणार नाही, तिला सगळं कळलेलं असेल. ती पहिल्यांदा काय विचारेल तेही मी सांगू शकते, कारण रिकामी चरवी घेऊन घरात आलेल्या माझ्या आईने ते कितीदा तरी विचारलंय:

"गोठ्यात कोण आलं हुतं?"