आयतालेख की स्तंभालेख?

विचारलंय की एक्सेलमध्ये हिस्टोग्राम काढला तर त्याला मराठीत स्तंभालेख म्हणायला काय हरकत आहे, दिसायला उभे खांबच तर असतात. आणि डिस्ट्रिब्युशनला ‘वितरण’ बरोबर वाटतं का.

पहिल्याला हरकत आहे. स्तंभालेख म्हणजे बार ग्राफ. हिस्टोग्रामला बालभारतीच्या दहावीच्या गणितात आयतालेख हा वेगळा शब्द दिलाय आणि तो उगाच दिलेला नाहीये. स्तंभालेखात खाली नावं असतात, समजा ज्वारी, बाजरी, तूर, ती मागेपुढे केली तरी काही बिघडत नाही, मधे फट असते, आणि बघायची ती फक्त उंची, खांब जाड काढा नाहीतर बारीक. आयतालेखात खाली आकडे सलग चाललेले असतात म्हणून आयतही एकमेकांना चिकटून, आणि वर्ग (म्हणजे आकड्यांचे गट) ३०-३९, ४०-४९ असे आले तर ३९ आणि ४० मधली फट जावी म्हणून आधी २९.५-३९.५, ३९.५-४९.५ करून घ्यावे लागतात (बरेच जण हे विसरतात आणि मार्क घालवतात).

पण खरी मेख क्षेत्रफळात आहे. समजा एका वाडीत ० ते १० वयाचे २० जण, १० ते २० चे २० आणि २० ते ६० चे ४० जण आहेत. नुसती उंची बघून काढलं तर शेवटचा खांब दुप्पट उंच येणार आणि वर चौपट रुंद, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार पोरं जवळजवळ नाहीतच. तो वर्ग चौपट रुंद आहे ना, मग उंची ४० भागिले ४ म्हणजे १० च घ्यायची, पहिल्या दोघांच्या निम्मी. माणसं मोजायची ती आयताच्या क्षेत्रफळावरून, म्हणून आयतालेख. मला तर हा शब्द इंग्रजीपेक्षा सरस वाटतो, हिस्टोग्राम ऐकून यातलं काहीच कळत नाही. दोघांची वयंही वेगळी, विल्यम प्लेफेअरने स्कॉटलंडच्या व्यापाराचा बार ग्राफ १७८६ मध्येच छापला होता, हिस्टोग्राम हे नाव संख्याशास्त्रज्ञ कार्ल पीअर्सनने त्यानंतर शंभरेक वर्षांनी आणलं.

आता वितरण. शब्द बरोबरच आहे, पुस्तकात वारंवारता वितरण (कुठल्या गटात किती जण येतात ते) असतं, पण नुसतं वितरण म्हटलं की रेशनचं दुकान आठवतं, कोणीतरी काहीतरी वाटतंय असं. इथे वाटणारा कोणी नाही, आकडे कुठे दाटलेत नि कुठे विरळ झालेत एवढंच सांगायचंय. त्यामुळे लेखात पहिल्यांदा ‘वारंवारता वितरण’ पूर्ण लिहावं, पुढे नुसतं वितरण चालेल. बोलताना मी सरळ ‘पगार कसे पसरलेत’ म्हणते. नऊ जणांना २० हजार आणि मालकाला २ लाख २० हजार, तर सरासरी येते ४० हजार, जी तिथे कोणालाच मिळत नाही, आणि मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, २० हजारच राहतो. असं एखाद्या फार मोठ्या आकड्यामुळे उजवीकडे लांब शेपूट असलं की नुसती सरासरी सांगून भागत नाही, आयतालेख काढून दाखवावा लागतो.