मशिदीवर मजले चढवण्यापूर्वी

प्रश्न : मध्यवस्तीतील आमच्या जुन्या मशिदीत सुमारे 300 जणांची सोय आहे. शुक्रवारी त्याच्या दुपटीहून अधिक लोक येतात आणि मागच्या रांगा जिन्यात व रस्त्यावर बसतात. शेजारी मोकळी जागा नाही, म्हणून विश्वस्त आणखी दोन मजले चढवू पाहतात. ते योग्य ठरेल का?

उत्तर : मजले कदाचित लागतीलच, परंतु आधी तळमजल्याचे नीट मोजमाप करून घ्यावे. नमाजासाठी एका व्यक्तीला साधारण 60 सेंटिमीटर रुंद व 120 सेंटिमीटर लांब जागा लागते, म्हणजे 100 चौरस मीटर मोकळ्या जागेत सुमारे 130 जण मावायला हवेत. तुमच्याकडे त्याहून पुष्कळ कमी मावत असतील, तर दोष बहुधा मांडणीत आहे. शहरातील भूखंड रस्त्याला धरून आखलेले असतात आणि किब्ल्याची, म्हणजे नमाजात मक्केकडे तोंड करण्याची, दिशा त्यांना क्वचितच जुळते. मग तिरप्या रांगांमुळे कोपरे वाया जातात. ढाक्याच्या बैत उर रौफ मशिदीत (2012) वास्तुरचनाकार मरीना तबस्सुम यांनी चौकोनी इमारतीत वर्तुळ आणि त्या वर्तुळात किब्ल्याकडे वळवलेले दालन बसवले, आणि उरलेल्या फटींमधून प्रकाश आत घेतला. जुन्या इमारतीत एवढे करता येत नाही, तरी वाया जाणाऱ्या कोपऱ्यांत चपलांचे कप्पे आणि कपाटे नेता येतात.

कार्यालय, कोठार, शिकवणीची खोली यांना तळमजला सोडायला लावावा. त्या भिंती निघाल्या की दालन आडवे वाढते आणि सफ, म्हणजे नमाजाची रांग, लांब होते. मिहराब (किब्ल्याकडील भिंतीतला कोनाडा) मध्यावर राहणार नाही, अशी शंका कोणी काढेल. पण स्पेनमधील कॉर्डोबाची मशीद दहाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडे वाढवली गेली, तेव्हा दक्षिणेला नदी असल्याने तेच पत्करावे लागले होते.

वरच्या मजल्यांबाबत संरचना अभियंत्याचा अहवाल येईपर्यंत एक वीटही रचू नये. घराच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरतात, गर्दीच्या सभागृहासाठी 400 ते 500 किलो. जुना पाया कोणत्या हिशेबाने घातला आहे, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

स्त्रियांची जागा आराखड्यात सर्वांत शेवटी उरलेली खोली असू नये, हे मी आग्रहाने सांगतो. मुख्य दालनाकडे उघडणारा सज्जा त्यांना मिळाला, तर खुत्बा (शुक्रवारचे प्रवचन) भिंतीपलीकडच्या ध्वनिवर्धकावरून ऐकावा लागणार नाही, आणि त्या सज्जाला स्वतंत्र जिना हवाच. आपत्कालीन प्रसंगी तोच दुसरा मार्ग ठरेल.

आराखडा काढणाऱ्याला सलग तीन शुक्रवार दाराशी उभे करावे. वजूच्या (नमाजापूर्वी हात-पाय-तोंड धुण्याच्या) नळांपाशी किती जण ताटकळतात आणि नमाज संपल्यावर मशीद रिकामी व्हायला किती मिनिटे लागतात, एवढे त्याने लिहून आणावे. रेखाटन त्यानंतर सुरू करावे.