कपाट भरलेलं आहे, तरी घालायला काही नाही. आम्ही रत्नागिरीत राहतो. खरेदी कशी करावी?

रत्नागिरीत राहता म्हणालात, म्हणून सांगते: आपल्याकडे रंगाच्या आधी कापड बघायचं. सुती कापड वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून पॉलिएस्टर जुलैत चटकन वाळतं, पण मे महिन्यात तेच अंगाला चिकटतं. रोजच्या वापराला सुतीच घ्या, पावसाळ्यापुरते दोन-तीन मिश्र धाग्याचे पुरे. जाड जीन्स एकच. ती दोरीवर तीन दिवस लटकते आणि वर कुबट वास मारते!

खरेदीआधी सगळं कपाट पलंगावर ओता. गेल्या गणपतीपासून अंगाला न लागलेलं बाजूला काढा. माझे अकरा निघाले, त्यातले सात सेलमधले.

दुकानात कपडा उलटा करून शिवण बघा. आत माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं जादा कापड, अर्धा इंच तरी हवी, म्हणजे पुढे उसवून सैल करता येतो. कापड उजेडासमोर धरा, विरळ असेल तर ठेवून द्या. घरातल्या तीन कपड्यांवर जात नसेल तरीही ठेवून द्या. आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात बाजारात जाऊच नका, घाईत काहीही उचललं जातं.

मी असाच एक रेशमी कुर्ता घेतला होता. आरतीला एकदा घातला, न धुता घडी करून ठेवला. दिवाळीला काढला तर पाठभर बुरशीचे ठिपके. आता त्याची उशीची खोळ झाली आहे.