भाच्याने गावच्या कबड्डी सामन्यावर पहिलीच पाच मिनिटांची फिल्म केली आहे. त्याला नाउमेद न करता चुका कशा सांगू?

आधी जमलेला एक शॉट नेमका दाखवा आणि मग एकच, फार तर दोन दुरुस्त्या सांगा, त्याही पुढच्या शूटमध्ये करता येतील अशा. नुसतं 'छान झालीय' किंवा 'मजा नाही आली' म्हटल्याने त्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं सांगा: 'चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे जातो तो क्लोजअप जबरदस्त आहे, पण पुढचा शॉट मैदानाच्या पलीकडून घेतलास, त्यामुळे तो उलट्या दिशेने धावतोय असं वाटतं.' एवढ्यावरून कॅमेरा कुठे ठेवायचा ते त्याला लगेच कळेल. मी स्थानिक सामन्यांचं चित्रण आणि संकलन करतो. नवख्यांच्या फिल्ममध्ये ही बाजू बदलण्याची चूक सर्रास दिसते. तिच्याखेरीज आणखी दोन:

- फक्त पकड ठेवून आधीची चढाई कापणं. चढाई ३० सेकंदांची असते, आणि सगळा ताण त्या घुटमळण्यातच असतो. तिथे कात्री जपून चालवायला सांगा.
- रात्रीच्या सामन्यात दिव्यांची लुकलुक. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की बहुतेक वेळा जाते.

मात्र फिल्म लगेच स्पर्धेला पाठवायची असेल, तर पुढच्या शूटचं राहू द्या. हातातल्या फुटेजमधून संकलनात आणि आवाजात जे सुधारता येईल तेवढंच सांगा.