कुलूप लावून निघताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

साठीनंतर वर्षातले बरेचसे महिने परदेशात घालवू पाहणाऱ्या जोडप्यांची पत्रं हल्ली वाढली आहेत. त्यांतल्या काही प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत.

प्रश्न : सिएटलचे मायकेल आणि डेबी कॅम्पबेल २०१३ मध्ये निघाले आणि पुढे भाड्याच्या घरांतून जग फिरत राहिले, असं वाचलं. आम्हीही ठाण्यातला फ्लॅट विकून कायमचं निघावं का? मी ६३ वर्षांचा आहे, पत्नी ६० वर्षांची. (एक वाचक, ठाणे)

फ्लॅट विकू नका. पैशांचा हिशोब कदाचित जमेलही, अडचण पासपोर्टची आहे. अमेरिकन नागरिक युरोपात व्हिसाशिवाय उतरतात. आपल्याला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याचशा देशांचा मिळून एकच) लागतो आणि त्याचा अर्ज साधारणपणे जिथे आपलं कायदेशीर वास्तव्य आहे तिथूनच, म्हणजे भारतातून, करावा लागतो. हनोईत बसून पॅरिसचा व्हिसा मिळवता येईल, हे गृहीत धरून चालू नका. शिवाय ‘हे दोघं परत जातील’ हे अधिकाऱ्याला पटवायला घराची कागदपत्रं आणि पेन्शनच्या नोंदी कामी येतात. घर विकलं की त्यातला मोठा पुरावा आपल्याच हाताने गेला.

म्हणून सरळ रेषेत जाण्यापेक्षा फेऱ्या मारा. एक जमणारी फेरी अशी : एप्रिल ते जून शेंगेन देश (मोजून ९० दिवस, तीन पूर्ण महिने ९१ होतात), जुलै ते सप्टेंबर ब्रिटन (त्यांचा व्हिजिटर व्हिसा वेगळा, एका भेटीत जास्तीत जास्त ६ महिने), ऑक्टोबर-नोव्हेंबर घरी, आणि डिसेंबरपासून व्हिएतनाम. तिथे ई-व्हिसावर ९० दिवस राहता येतं. दिवाळी घरी होते, पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला देऊन होतो आणि डॉक्टरांची तपासणीही उरकते.

प्रश्न : शेंगेनचे ९० दिवस कसे मोजायचे? आम्ही ४५ दिवस राहून परत आलो. आता पुन्हा ९० मिळतील ना? (एक वाचक, पुणे)

नाही. सगळ्यात जास्त माणसं इथेच फसतात. कोणत्याही दिवशी उभं राहून मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यांत तुमचा मुक्काम ९० च्या वर जाता कामा नये. ज्या दिवशी उतरलात तो आणि ज्या दिवशी निघालात तो, दोन्ही दिवस धरायचे.

समजा, १ एप्रिल ते १५ मे हे तुमचे ४५ दिवस. १ जुलैला परत गेलात तर उरलेले ४५ दिवस १४ ऑगस्टला संपतात आणि त्या दिवशी बाहेर पडावंच लागतं. मागच्या १८० दिवसांच्या मोजणीतून जुने दिवस गळायला लागतात ते २८ सप्टेंबरपासून. कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा करा, तोंडी हिशोब हमखास चुकतो. आता तर सीमेवर शिक्क्याच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी संगणकीय पद्धत ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली आहे. शिक्का पुसट आहे, ही सबब चालायची नाही.

याहून घातक चूक म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टिकर न वाचणं. त्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात : वैधतेच्या तारखा, मुक्कामाचे दिवस आणि किती वेळा प्रवेश. वैधता तीन महिन्यांची आणि मुक्काम मात्र ३० दिवसांचा, असं सर्रास असतं. प्रवेशाच्या रकान्यात १ असेल आणि तुम्ही मध्येच चार दिवस लंडनला जाऊन आलात, तर परतीचं दार बंद.

‘वाट बघायचे महिने क्रोएशियात किंवा रोमानियात काढा’ हा सल्ला अजून फिरतोय. तो शिळा झाला. क्रोएशिया २०२३ मध्ये शेंगेनमध्ये आला, रोमानिया आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आले. तिथले दिवसही त्याच ९० मध्ये धरले जातात.

एक चांगली बातमी आहे. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झाले. मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी. तेव्हा पहिल्या दोन सहली लहान ठेवा, तारखा पाळा. ९०/१८० मात्र पाच वर्षांच्या व्हिसालाही सुटत नाही.

प्रश्न : मला मधुमेह, यांना रक्तदाब आणि हृदयाचं औषध. पाच महिन्यांच्या गोळ्या सोबत नेता येतील का? (एक वाचक, सांगली)

देशागणिक उत्तर बदलतं. जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध एका महिन्यापुरतंच परवानगीशिवाय नेता येतं. जास्त हवं असेल तर निघण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याकडून आयातीचा दाखला घ्यावा लागतो. तुमच्या गोळ्या साध्या असल्या तरी सोबतचा खोकल्याच्या किंवा दुखण्यावरच्या औषधांचा डबा तपासा. कोडीन आणि ट्रॅमाडॉल दुबईत नियंत्रित यादीत आहेत आणि झोपेच्या गोळ्यांसाठी सिंगापूरमध्ये आधी परवानगी लागू शकते. शेजारणीने दिलेली विनापाकिटाची पट्टी बॅगेत टाकू नका.

मोठी अडचण औषध संपल्यावर येते. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं घालायची पद्धत आहे : ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र, किंवा अॅस्पिरिन, अॅटोर्व्हास्टॅटिन आणि क्लोपिडोग्रेल एका कॅप्सूलमध्ये. असे जोड परदेशातल्या दुकानात बहुधा मिळत नाहीत आणि आपलं ब्रँडचं नाव तर तिथे कुणालाच कळत नाही. म्हणून निघायच्या दोन महिने आधी डॉक्टरांना सांगून औषधं सुटी करून घ्या, त्यावर पंधरा दिवस साखर आणि दाब बघा, मग त्याच सुट्या नावांची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून सही-शिक्क्यासह घ्या. चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळायला हवं. आदल्या आठवड्यात गोळी बदलून विमानात बसणं हा वेडेपणा आहे.

इन्सुलिन असेल तर ते हातातल्या बॅगेतच. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी निकामी असतं. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवा. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं, नेमके दिवस खोक्यावर बघा. गोळ्या दोघांच्या बॅगांत निम्म्या-निम्म्या विभागा.

केनियासारख्या देशांचा बेत असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचं आधी बघा. दाखला टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतो आणि आता तो जन्मभर चालतो. पण साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेण्यात धोका थोडा जास्त असतो. डॉक्टरांनी नको म्हटलं तर भारतात परतताना काय होईल तेही विचारा, कारण अशा देशातून दाखल्याशिवाय येणाऱ्याला इथे वेगळं ठेवलं जाऊ शकतं.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त. नोव्हेंबरमध्ये परदेशात असलो तर हयातीच्या दाखल्याचं काय? आणि बँकेचा ओटीपी? (एक वाचक, नाशिक)

दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन्ही अॅप्स फोनवर घ्या. आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) क्रमांक आणि पेन्शन खात्याचा क्रमांक हाताशी ठेवा. पहिली नोंदणी भारतातच करून बघा, कारण ओटीपी इथल्या नंबरवर येतो. प्रयत्न फसतो तो बहुधा मागून येणाऱ्या उजेडामुळे किंवा चष्म्यामुळे. खिडकीकडे तोंड करून बसा. प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, पेन्शन देणाऱ्या बँकेने तो स्वीकारलाय का ते आठवड्याने तपासा. अगदीच जमलं नाही तर भारतीय दूतावासात पासपोर्ट आणि पीपीओ घेऊन जा, तिथल्या अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला चालतो. वय ८० च्या वर असेल तर दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो.

ओटीपीसाठी भारतीय सिम फोनमध्येच ठेवा. त्याचं डेटा रोमिंग बंद, आंतरराष्ट्रीय रोमिंग मात्र चालू. इंटरनेटसाठी तिथलं दुसरं सिम किंवा ई-सिम. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलंच नाही तर बंद पडू शकतं, म्हणून रिचार्जची तारीख लिहून ठेवा.

प्रश्न : आम्ही दर महिन्याला प्रवासाचं पत्र लिहून दोनशे जणांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो. निम्म्यांना मिळतच नाही. काय चुकतंय? (एक वाचक, कोल्हापूर)

ब्रॉडकास्ट लिस्टमधलं (एकदाच पाठवून प्रत्येकाला स्वतंत्र जाणारं) पत्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतं. लिस्टची मर्यादाही २५६ जणांची आहे. ग्रुप केलात तर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, ते दोनशे अनोळखी माणसांत बरं नाही. साठीच्या पुढच्या वाचकांना ईमेलच सोपा पडतो. सगळे पत्ते बीसीसीत (या रकान्यातले पत्ते एकमेकांना दिसत नाहीत) टाका आणि प्रत्येक पत्रात ‘उत्तर याच मेलवर द्या’ ही ओळ ठेवा.

वाचक पुन्हा लिहितात ते आकड्यांमुळे. ‘घर छान होतं’ पेक्षा ‘महिन्याचं भाडं इतकं, तिसरा मजला, लिफ्ट नाही, दवाखाना चालत १२ मिनिटं’ हे लिहा. तेच तेच प्रश्न येतील, उत्तरांची एक फाइल ठेवली की हात दुखत नाही. ज्यांना उत्तर दिलं त्यांची नावं वहीत गावानुसार लिहा, कारण पुढच्या मुक्कामी भेटणारी माणसं तिथूनच मिळतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून आहे. त्यांच्या कार्यक्रमाच्या तारखा बघून मुक्काम आखा.

दोन पथ्यं पाळा. पत्र पाठवायचं ते गाव सोडल्यावर, कारण घराला कुलूप आहे हे दोनशे जणांना कळतंय. आणि बोर्डिंग पासचा फोटो कधीच नको, त्यावरच्या क्रमांकावरून कुणीही तुमचं तिकीट उघडू शकतं. एखाद्या हॉटेलने लिहिण्याच्या बदल्यात फुकट राहायला बोलावलं, तर आधी त्या देशाच्या पर्यटक व्हिसाच्या अटी वाचा. काही ठिकाणी हा मोबदला कामात मोडतो.

जाता जाता कुलपाबद्दल : मोरीतल्या आणि बाथरूममधल्या जाळ्यांखालचं पाणी दोन-तीन महिन्यांत सुकतं आणि मग झुरळं वर येतात. निघताना तिथे दोन चमचे खाद्यतेल ओता, त्याखालचं पाणी बराच काळ उडत नाही.