आरती नको, भांडण लिही

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

दिवाळी अंकासाठीचा येमेनी माणसांवरचा तुझा मसुदा वाचला. सुरुवात शेबाच्या राणीने, शेवट नोबेलवाल्या तवक्कुल कर्मानने आणि मध्ये शतकांमागून शतकं रिकामी. शिवाय प्रत्येक नावाआधी 'थोर' नाहीतर 'धाडसी'. येमेनबद्दल मराठीत जे येतं ते बहुतेक युद्धाच्या बातमीतून, म्हणून भरपाई करायला तू आरतीचं तबक हाती घेतलंस, हे कळतं मला. पण ते खाली ठेव. प्रत्येक माणूस त्याच्या भांडणासकट लिही: कुणाशी वाकडं होतं, कशावरून, आणि त्यापायी त्याला काय मोजावं लागलं.

शेबाच्या राणीला एक परिच्छेद पुरे. मारिबचं प्राचीन धरण खरं, सबाचे, म्हणजे शेबाच्याच राज्याचे, शिलालेख खरे. त्या शिलालेखांत मात्र या राणीचा पत्ता नाही. ती कुराणात आणि बायबलमध्ये भेटते. एवढं स्पष्ट लिहून पुढे सरक.

वाचलेली जागा अरवा अल-सुलैहीला दे. अकराव्या-बाराव्या शतकातली ही राणी तू चक्क एका ओळीत, तीही 'स्त्रीशक्तीचं प्रतीक' म्हणून उरकलीस! नवरा अल-मुकर्रम आजारी पडून कारभारातून बाजूला झाला आणि सत्ता हिच्या हाती आली. तिने राजधानी सनाहून डोंगरातल्या जिब्लाला हलवली. त्याची एक गोष्ट सांगतात. सनात लोकांना जमवलं तर तलवारी चमकल्या, जिब्लात जमवलं तर लोक मेंढ्या, तूप, मध घेऊन आले. राहायचं कुठे, हे तिथेच ठरलं. गोष्ट पुढे रचलेलीही असेल. तरी घे, फक्त 'असं सांगतात' हे शब्द गाळू नकोस. मशिदीतल्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, तिचं नाव घेतलं जाई. कैरोच्या फातिमी खलिफाने दुसऱ्या लग्नासाठी दबाव आणला, तेव्हा ते तिने नावापुरतं केलं.

तिचं खरं भांडण उतारवयातलं आहे. ११३० साली खलिफा अल-आमिरचा खून झाला आणि कैरोत त्याच्या चुलतभावाने गादी घेतली. अरवाने आमिरच्या तान्ह्या मुलाची, तय्यिबची, बाजू धरली आणि ज्या दरबाराशी आयुष्यभर निष्ठा ठेवली त्याच्याशी संबंध तोडले. इमाम तय्यिब पडद्याआड आहे, त्याच्या वतीने दाई म्हणजे धर्मप्रमुख काम पाहील, ही तय्यिबी परंपरा तिथून सुरू झाली. ११३८ साली ती वारली. पुढे सोळाव्या शतकात दाईंची गादी गुजरातेत आली, आणि आज त्याच परंपरेतल्या दाऊदी बोहऱ्यांची गादी मुंबईत आहे. भेंडी बाजारातल्या रौदत ताहेरा या बोहऱ्यांच्या दर्ग्याजवळून आपण कितीदा गेलो असू. तिथला धागा जिब्लाला पोचतो हे वाचकाला सांगितलंस तर त्याला तो लेख परक्या मुलखाचा वाटणार नाही.

दहाव्या शतकातला अल-हमदानी तुझ्याकडून सुटलाच आहे. अरबस्तानचा भूगोल लिहिणारा, सोन्याचांदीच्या धातुविद्येवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा हा माणूस दक्षिण अरबांच्या अभिमानाने पेटलेला होता, आणि त्या पायी तुरुंगात गेला. त्याच्या 'अल-इक्लील'च्या दहा भागांपैकी चारच हाती आहेत. त्याचा कुळाभिमान झाकू नकोस. त्यावाचून त्याचं लेखन कळणार नाही.

आता अब्दुल्ला अल-बरदूनी. तू लिहिलंस, 'अंध असूनही महान कवी'. ते 'असूनही' आधी काढ. जन्म १९२९चा, धमारजवळच्या बरदून गावचा. पाचसहा वर्षांचा असताना देवीच्या साथीत डोळे गेले. येमेनवर राज्य करणाऱ्या इमाम अहमदच्या काळात तुरुंगवास झाला. पण १९६२ला इमामशाही गेली, प्रजासत्ताक आलं, म्हणून याची टीका थांबली नाही, नव्या राज्यकर्त्यांनाही त्याने सोडलं नाही. सना रेडिओवर वर्षानुवर्षं साहित्याचा कार्यक्रम केला, त्यामुळे ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्याही कानावर तो होता. १९७१ साली इराकमधल्या मोसुलला अबू तम्माम या जुन्या कवीच्या नावाने महोत्सव भरला. बरदूनीने अबू तम्मामच्याच प्रसिद्ध विजयकाव्याच्या चालीवर कविता वाचली, फक्त विजयाच्या जागी पराभव ठेवून. त्यात सना ही एक सुंदर स्त्री आहे आणि तिचे दोन प्रियकर म्हणजे क्षय आणि खरूज. मायभूमीवर असं लिहिणाऱ्याला 'राष्ट्रकवी' म्हणून हार घालायचा असेल, तर आधी ही ओळ पचव. १९९९मध्ये तो गेला.

येमेनच्या पूर्वेकडच्या हद्रमौत प्रांतावर तू काहीच लिहिलेलं नाहीस, आणि आपल्या वाचकासाठी सगळ्यात जवळचं तेच आहे. उमर बिन अवद अल-कुऐती हा तिथला माणूस निजामाच्या फौजेत जमादार झाला. हैदराबादच्या कमाईवर त्याच्या मुलांनी मायदेशी किनारा जिंकत नेला, आणि मुकल्ला राजधानी असलेली कुऐती सल्तनत १९६७पर्यंत टिकली. त्यांचे वैरी कथीरी घराण्याचे, त्यांचाही म्होरक्या हैदराबादेत चाकरीला होता! म्हणजे भांडण हद्रमौतचं, पैसा निजामाचा. मराठवाड्यातली अरब वंशाची चाऊस घराणी याच वाटेने आली. औरंगाबाद-नांदेडला जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोल. परवानगीशिवाय कुणाचं नाव छापू नकोस.

येमेनचं एडन बंदर म्हटलं की आपल्याला वासुदेव बळवंत फडके आठवतात. १८८३ साली ते तिथे कैदेतच वारले. एडनचा कारभार १८३९ ते १९३२ मुंबईकडे होता, म्हणून त्यांना तिथे नेता आलं. पण ते या लेखात नकोत, विषय येमेनी माणसांचा आहे.

कर्मान राहू दे. २०११चं शांततेचं नोबेल सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी २००७पासून तिने सनात धरणी धरली, पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी, ते विस्ताराने सांग. ती इस्लाह या इस्लामवादी पक्षाची होती, त्यावरून तिच्यावर टीका झाली, आणि २०१८ साली त्याच पक्षाने तिला निलंबित केलं, हेही लिही. मुष्टियोद्धा नसीम हमीदला चौकटीत टाकलंस तरी चालेल. शेफील्डला जन्मलेल्या या पोराचे आईवडील येमेनी होते, हे वाचकाला आवडेल.

पुढचा मसुदा पूर्ण करायची घाई नको. आधी फक्त अरवा आणि जमादाराचं प्रकरण लिहून पाठव. तुझ्या संपादकांशी शब्दमर्यादेचं मी बोलतो.

तुझा,
काका